मावशींचा उजवा पाय

रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांचा आवाज चढला आणि शब्द धावायला लागले, की तिसऱ्या बाकाखालून ‘धप्’ असा आवाज यायचा. कुणी मान वळवून बघायचंही नाही. मावशींनी ब्रेक दाबला, एवढंच समजायचं आणि पुढचं ऐकायचं.

मावशी गाडी चालवायला शिकवायच्या. नवरा गेला तेव्हा मागे एक गाडी आणि एक शाळकरी मुलगा राहिला. गाडीत शेजारच्या सीटपुढे त्यांनी दुसरा ब्रेक बसवून घेतला, मुलाला दप्तरासकट मागच्या सीटवर कोंबलं आणि शाळा सुरू केली. अर्ध्या शहराला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं. पण इतकी वर्षं दुसऱ्याच्या हातात जीव देऊन बसल्यावर पायाला काय सवय लागेल? बसमध्ये दाबायच्या, लिफ्टमध्ये दाबायच्या. दातांच्या डॉक्टरने तोंडात यंत्र घातलं तर त्याच्या स्टुलाला लाथ बसली होती बिचाऱ्याच्या!

शिकवणी सुरू करण्याआधी मावशी डोळे मिटून प्रार्थना करायच्या. “प्रभू, या लेकराला शहाणपण दे. लवकर दे, पुढे चौक आहे.” आणि लेकरू कधी कधी साठीचं असायचं. शहाणपण देवाकडूनच येतं आणि मागितलं की तो हात आखडता घेत नाही, यावर मावशींचा पक्का विश्वास होता. मागायचं मात्र कायम शेजारच्यासाठी!

तर अशा या मावशींनी सुनेला गाडी शिकवायला घेतली. मंडळीतल्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. सासू आणि सून, एका गाडीत, काचा वर करून? पण तसं काही झालं नाही. सून मुळात शांत होती. डोळ्यांच्या इस्पितळात लोकांची नजर तपासायची. इस्पितळ आता खेड्यापाड्यांत फिरणारी तपासणीची गाडी काढणार होतं आणि त्यांना हवं होतं एकच माणूस, गाडीही चालवणारं आणि डोळेही तपासणारं. सुनेच्या वडिलांची नजर वेळेवर कुणी बघितली नाही म्हणून कायमची गेली होती. त्या गाडीचं नाव काढलं तरी तिचा चेहरा उजळायचा. सोमवारपर्यंत परवाना हातात पडला तर जागा तिची, नाही तर दुसऱ्या कुणाची तरी.

आणि सून परीक्षेत दोनदा नापास झाली होती. खरं सांगायचं तर मावशी नापास झाल्या होत्या. तिथला नियमच तसा होता. परीक्षक मागे बसणार, शिकवणारी शेजारी, आणि तिने आपला ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागणार, परीक्षा तिथेच खलास. पहिल्यांदा कुत्रं आडवं आलं, दुसऱ्यांदा सायकलवाला. दोन्ही वेळा दिवा लागला.

“आई, मला तो सायकलवाला दिसला होता,” सून त्या संध्याकाळी भांडी विसळत म्हणाली.

“दिसला होता तर ब्रेक का नाही मारलास?”

“मारतच होते. तुम्ही आधी मारलात.”

“मी मारला म्हणून तो आज घरी जेवतोय!” मावशींनी पातेलं असं आपटलं की झाकण जमिनीवर गोल गोल फिरत बसलं. आईच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे ओळखून मुलाने हळूच काढता पाय घेतला.

त्या सोमवारआधीची परीक्षेची शेवटची तारीख शुक्रवारची होती. मावशींची शाळा एकटीची, शेजारी बसायला दुसरं कुणी नाही. त्याच्या आधीच्या रविवारी त्या बाकावर बसल्या त्याच मुळी देवाशी भांडायच्या तयारीत. किती वेळा मागायचं? हिला शहाणपण का देत नाहीस?

पाळकसाहेब त्या दिवशी एका तरुण राजाबद्दल बोलत होते. देवाने त्याला विचारलं, तुला काय हवं? माणसाने काय काय मागितलं असतं! त्याने शहाणपण मागितलं. “पण ते त्याने कसं मागितलं बघा,” पाळकसाहेबांचा आवाज चढला, “स्वतःसाठी मागितलं! म्हणाला, मला ऐकणारं मन दे. राजा असून ऐकणारं!”

मंडळी धप् होण्याची वाट बघत राहिली. झालं नाही. मावशींचा पाय हवेतच राहिला होता.

“अगं बाई!” मावशी मोठ्याने म्हणाल्या.

आता मात्र सगळ्या माना वळल्या. शेवटचा आशीर्वाद व्हायचा होता, पण मावशींना कुठला धीर! सुनेचं मनगट धरून त्या बाकांमधून निघाल्या त्या थेट गाडीपाशी. आत बसल्या, डोळे मिटले. “प्रभू, आज मला दे. हिला आहे की नाही, मला काय ठाऊक? मी कधी विचारलंय का?” आणि आमेनच्या आधीच सुनेकडे वळून, “बोल. चालव आणि जे जे दिसतं ते मोठ्याने बोल. मी ऐकते.”

सून आधी बिचकली, मग बोलायला लागली.

“पुढे पांढरी गाडी उभी आहे. आतला माणूस आरशात बघून केस नीट करतोय. दार उघडेल.”

दार उघडलं!

“डावीकडच्या ट्रकखालून पावलं दिसतात. बाईमाणूस आहे, पलीकडून रस्त्यावर येणार.”

आणि ट्रकच्या पुढून एक आजी आल्या, दोन्ही हातांत पिशव्या. मावशींनी ट्रक बघितला होता, ट्रकखालून बघायचं त्यांच्या बापजन्मात डोक्यात आलं नव्हतं. “थांब, थांब! पावलं कुठून दिसली? परत सांग!” जत्रेत आलेल्या पोरीसारख्या त्या सीटवर पुढे सरकून बसल्या. दुपारचं जेवण गार झालं, मुलाचे फोनवर फोन आले, तरी दोघी फिरतच होत्या. मावशींना इतका आनंद झाला होता की डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते, आणि लाजही वाटत होती. पोरगी रोज शेजारी बसून सगळं बघत होती आणि आपण तिला फक्त सांगत सुटलो होतो.

पण मनाने ऐकलं म्हणून पाय थोडाच ऐकतो? त्या फेरीतसुद्धा तो चारदा पडलाच.

शुक्रवारी परीक्षक गाडीत बसले आणि बघतच राहिले. मावशींनी सीट मागे सरकवली होती, चपला काढून मागे टाकल्या होत्या आणि पट्टा लावून मस्त मांडी घालून बसल्या होत्या.

“मावशी, हे काय?”

“देवाने माझं ऐकलं, साहेब. पाय अजून ऐकत नाही. म्हणून अडकवून ठेवलाय.”

गाडी निघाली. चौक गेला, चढ गेला, मावशी ओठ मिटून होत्या. बाजाराच्या अरुंद रस्त्यावर पोचल्या आणि उजव्या गल्लीतून काहीतरी चमकलं. आरशाचं कपाट! हातगाडीवर उभं बांधलेलं, ढकलणारा त्याच्या मागे पुरता झाकलेला, आणि गाडी सरळ रस्त्यावर येत होती. मावशींचा पाय मांडीतून सुटायला धडपडू लागला, तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. “प्रभू, प्रभू, प्रभू,” दातांतल्या दातांत चाललं होतं. किंचाळावंसं वाटत होतं. नाही किंचाळल्या. त्यांनी सुनेकडे बघितलं. सुनेचा पाय केव्हाच ब्रेकवर होता.

गाडी अलगद थांबली. हातगाडी समोरून गेली, आरशात क्षणभर तिघांचे चेहरे दिसले, ढकलणाऱ्याने हात वर केला आणि रस्ता मोकळा झाला. लाल दिवा लागला नाही.

“पास,” परत आल्यावर परीक्षक म्हणाले.

“धन्य प्रभू!” मावशी एवढ्या जोरात ओरडल्या की रांगेतली माणसं दचकली. मग त्यांना खालीच उतरता येईना. पायाला मुंग्या आलेल्या! परीक्षक एका बाजूने आणि सून दुसऱ्या बाजूने, असं धरून उतरवलं, आणि उतरल्या उतरल्या मावशींनी सुनेला कवटाळलं. “मला दिसत नव्हतं गं, पोरी. तुला दिसतं हेच मला दिसत नव्हतं.” सून सासूच्या खांद्यावर तोंड लपवून हसली आणि रडली.

मुलगा फाटकाशी उभा होता. परवान्याचं कळल्यावर त्याने रस्त्यातच उडी मारली आणि आपल्या जुन्या जागी, मागच्या सीटवर जाऊन बसला. सुनेने गाडी काढली. वळणावर पोचतात तोच मागून आवाज आला, धप्!

“अगं ट्रक! समोर ट्रक आहे!”

मावशींनी मागे वळून त्याच्या गुडघ्यावर फाडकन एक चापट ठेवून दिली. “पाय वर घे मेल्या, मांडी घाल! तिला कधीचा दिसलाय.”