वसुधाताईंचं हंटर

वसुधाताईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी 'या, बसा' म्हटलं नाही. "पंखा लावू नका," एवढंच म्हणाल्या. चिमट्यात नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा धरून त्या टेबलावर वाकल्या होत्या. समोर एका लढाऊ विमानाची अर्धवट जोडलेली प्रतिकृती होती. तुकडा जागेवर बसला, तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

नाशिक रोडच्या एकाच शाळेत आम्ही शिकवायचो. त्या भूमिती, मी मराठी. त्यांचा धाकटा भाऊ अविनाश हवाई दलात वैमानिक होता. एकाहत्तरच्या युद्धात हंटर विमान घेऊन गेला, तो परतलाच नाही. विमान सापडलं नाही, मृतदेह नाही. सरकारदरबारी तो 'बेपत्ता'. परदेशातला मामेभाऊ येताना हंटरचं किट आणायचा आणि वसुधाताई त्याचे सुटे भाग महिनोन्‌महिने जोडत बसायच्या. एखादा भाग बसेना, की मी म्हणायचे, "जरा दाबा की."

"दाबून बसवलेलं चिकटतं हो, पण बरोबर नसतं," त्या म्हणत. प्रमेय चुकलेल्या मुलांनाही हेच ऐकवत.

त्यांच्या आईंना सगळे माई म्हणत. दार वाजलं की माईंची मान अजूनही झटकन वर व्हायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका रविवारी सकाळी ते दार वाजलं. मी तिथेच होते. आलेला माणूस डहाणूकडचा मच्छीमार होता. बोट हद्दीपलीकडे गेली म्हणून तो पकडला गेला आणि तिकडच्या तुरुंगातून नुकताच सुटून आला होता. बेपत्ता मुलाबद्दल माईंची पेपरात आलेली मुलाखत त्याला कुणीतरी वाचून दाखवली होती.

"शेजारच्या बराकीत एक मराठी माणूस होता," तो म्हणाला. "नाशिकचा, एवढंच सांगायचा. डोकं जरा फिरलेलं. नाव विचारलं की गप्प. पण भिंतीवर कोळशानं सारखी विमानं काढायचा. म्हटलं, सांगून यावं."

माई भिंतीला धरून बाहेर आल्या. वसुधाताईंचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. तोंडी परीक्षा घ्यावी तशा त्या एकेक प्रश्न विचारू लागल्या.

"उंची?"

"माझ्याएवढी."

सांगणारा स्वतः बुटका होता. फोटोतला अविनाश चांगला उंचापुरा.

"तुरुंगात माणूस वाकतं गं," माई म्हणाल्या.

"वय?"

"चाळिशीच्या आतला वाटायचा."

अविनाश तोवर पन्नाशीला आला असता. "दाढीमिशांत काय कळतंय वय," माई पुटपुटल्या.

वसुधाताई उठल्या. कपाटावरचं हंटर काढून त्यांनी त्याच्यासमोर ठेवलं. "असं विमान काढायचा?"

तो वाकून सगळ्या बाजूंनी पाहत राहिला. माई त्याच्या ओठांकडे बघत होत्या. याने 'हो' म्हणावं, असं मला आतून वाटत होतं.

"नाय ताई. त्याच्या विमानाला नाकावर पंखा असायचा. भिंगरीसारखा."

हंटर जेट विमान. त्याच्या नाकावर पंखा नसतोच आणि ते उडवणारा माणूस तसं कधी काढणार नाही.

"आई, हा अवि नाही," वसुधाताई शांतपणे म्हणाल्या.

माई दिवाणावर बसल्या. मला वाटलं, आता यांना सांभाळावं लागणार. पण माईंनीच विचारलं, "मग तो कोणाचा गं?"

माईंनी मच्छीमाराकडे पाहिलं.

"त्याचीही आई असेल ना. तिला कुणी सांगितलंय का?"

वसुधाताईंनी पुन्हा त्या माणसाकडे वळून विचारलं, "तो बोलायचा कसा?"

"डोंगराकडची बोली. सुरगाण्याची माणसं आमच्याकडं बोटींवर येतात ना कामाला, तशी."

पुढच्या सुट्ट्यांत आम्ही दोघींनी एसटीने आमच्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याचे आठवडे बाजार पालथे घातले. बोटीवर गेलेला कुणी परतला नाही असं घर आहे का, एवढं एकच विचारत. मी कंटाळून म्हटलं, हे आपलं काम आहे का? वसुधाताई म्हणाल्या, "आपल्या दारी आलेला निरोप आहे. पोचवायला नको?"

शेवटी एका पाड्यावर यशोदा भेटली. तिचा नवरा सोमा बुडाला, असं बोटमालकाने सांगून टाकलं होतं.

"जाताना काय म्हणाला?" वसुधाताईंनी विचारलं.

"पोराला इमान आनीन म्हनला. जत्रंत पाह्यलं व्हतं, पंख्याचं."

वसुधाताईंनी तिच्याकडून सोमाचा फोटो मागून घेतला. डहाणूच्या मच्छीमाराने तो ओळखला. मग अर्ज, दिल्लीच्या खेपा. दोन्ही देशांत काही बिनसलं की सुटका थांबायची. त्या काळात वसुधाताई बातम्या उभ्यानेच ऐकायच्या. माई रोज विचारायच्या, "सोमाचं काही?"

काही वर्षांनी मच्छीमारांच्या एका तुकडीबरोबर सोमा सुटला. यशोदा त्याला घेऊन नाशिक रोडला आली, तेव्हा माईंनी अंथरूण धरलं होतं. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ चाचपला.

"तिकडं पोटभर द्यायचे का रे?"

"देत व्हते, आई."

त्याच थंडीत माई गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर मी भीत भीत विचारलं, "माई शेवटी सोमाला अविनाश समजल्या का हो?"

"नाही. पूर्ण शुद्धीत होती. तो गेल्यावर मला म्हणाली, म्हणजे अविलाही जेवायला मिळत असेल."

"मग?"

वसुधाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी हो म्हटलं."