इंजिनाबद्दल बाबांचं मत

माझे वडील पंढरीनाथ यांनी पिंपरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं इंजिनाचे फिरणारे भाग बॅलन्स केले. आता ते जपानमध्ये, इचिकावाला, आमच्याकडे राहतात आणि रोज शेजारच्या उएदा-सानांच्या गॅरेजसमोर जाऊन उभे राहतात. उएदा-सान निवृत्त शिक्षक. आपल्या चाळीस वर्षं जुन्या गाडीचं इंजिन ते पुस्तक वाचून स्वतः बांधत होते.

एका रविवारी बाबा तणतणतच घरात आले. "अरे, चारही कनेक्टिंग रॉड अख्खे काट्यावर ठेवून वजन जुळवलंय त्याने! दोन्ही टोकं वेगवेगळी तोलायची असतात. एखाद्याचं एकच टोक जड राहिलं, तर एकूण वजन जुळून काय उपयोग? चल, सांग त्याला."

"बाबा, विचारल्याशिवाय इथे कोणी कोणाची चूक काढत नाही."

"मग इंजिन हादरू दे?"

मी गेलो नाही. बाबा एकटेच गेले आणि हातवारे करून परतले. उएदा-सानांनी कमरेत वाकून आभार मानले होते आणि पिशवीभर संत्री दिली होती.

महिन्याभराने इंजिन सुरू झालं. उएदा-सानांनी आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं, बाबांचा तळवा मडगार्डवर ठेवला आणि कसं वाटतंय ते बाबांना विचार, असं मला सांगितलं. उएदा-सानांचे डोळे भरून आले होते.

"थरथरतंय," बाबा म्हणाले. "सगळं पुन्हा उघडावं लागेल. सांग."

मी जपानीत दोन वाक्यं बोललो. उएदा-सान खुलले, पुन्हा पुन्हा वाकले. बाबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी काय म्हणालो रे?"