इंजेक्शनशिवाय फोटो
मी चिकूचा व्यापारी. हृदयात जन्मापासूनचा दोष, त्यात मूत्रपिंडं कमजोर, म्हणून एमआरआयला रंगाचं इंजेक्शन चालत नाही. आधीच्या सेंटरने त्यावरूनच मला डहाणूला परत धाडलं. तो राग अजून आहे.

आताच्या सेंटरमध्ये दरवर्षी जातो. तिथला टेक्निशियन पस्तिशीतल्या मलाही काका म्हणतो. पहिल्याच वेळी मशीनमध्ये घातल्यावर तो हेडफोनमधून म्हणाला, "काका, श्वास सोडा आणि पंधरा सेकंद थांबा."

मशीनमधूनच मी म्हणालो, "दहात जमवा."

"चिकूचा सौदा नाही हा! बोललात, फोटो हलला. परत."

असं कितीतरी वेळा झालं. हाही आता परत पाठवणार, असं वाटलं. शेवटच्या वेळी पंधरा सेकंद संपल्यावर मी श्वास घेतला, तेव्हा हेडफोनमध्ये त्याचाही ऐकू आला. तोही माझ्याबरोबर दम रोखून बसला होता.

"आला फोटो, काका," तो धापा टाकत म्हणाला.