वाव्हळे साहेबांचा संशय

वाव्हळे साहेब गेल्याची बातमी आमच्या सेलूच्या कार्यालयात फोनवर आली, तेव्हा मी ती लगेच खरी मानली नाही. फोन करणाऱ्याला त्याचं नाव विचारलं, त्याला कुणी सांगितलं ते विचारलं, मग फोन ठेवून परभणीला त्यांच्या घराशेजारच्या दुकानात स्वतः फोन लावला. दुकानदार म्हणाला, "हो बाई, सकाळीच. छातीत दुखायलंय म्हणले, रिक्षा आणेपर्यंत..." तेव्हा कुठे मी खाली बसले. आमच्या शिपायाने पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "साहेबानं बी असंच केलं असतं, बाई. आधी तपासलं असतं, मग रडले असते." त्याला काही आठवड्यांपूर्वीची गोष्ट आठवली असणार. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याची बातमी आली, तेव्हा सगळीकडे पेढे वाटणं सुरू झालं होतं आणि साहेब मात्र दुसरा पेपर कुठे मिळेल ते शोधत होते. दोन पेपरांत वाचलं, मग त्यांनी पेढा घेतला.

भास्कर वाव्हळे आमचे शाखा अभियंता. तालुक्यातल्या पाझर तलावांची कामं त्यांच्याकडे, आणि त्या तलावांचे नकाशे काढणारी आरेखक मी. त्यांचा संशयी स्वभाव कार्यालयात चेष्टेचा विषय होता. कुलूप लावून निघाले की पुन्हा मागे येऊन ओढून बघायचे. चहात साखर आहे असं सांगितलं तरी आधी घोट घ्यायचे. मी कामांच्या याद्या करणारी बाई; झालेल्या कामावर बरोबरची खूण केली की माझ्यापुरतं ते संपतं. साहेब माझ्या यादीवर वाकून म्हणायचे, "खूण तुमी केली, पण काम कुणी केलं?" सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. पुढे त्यांच्याबरोबर गावोगाव फिरले आणि कारण कळत गेलं. ती नामांतराच्या भांडणाची वर्षं होती. आम्ही गावात पोचलो की लोक आधी साहेबांचं आडनाव विचारत. आडनाव सांगून झालं की मग पाण्याचं विचारत, आणि विचारण्याचा सूर बदललेला असे. एकदा एसटीत ते सहज बोलावं तसं बोलले, "मोरेबाई, माझा आकडा दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा जास्त तपासला जातो. मग मी तो आधीच फोडून बघतो."

परभणीच्या विभागीय कार्यालयात कॉम्प्युटर आला, तेव्हा या स्वभावाला नवं खाद्य मिळालं. तलावात किती पाणी मावेल हे काढायची आमची रीत जुनी होती. मोजणीचे लोक दुर्बीण लावून जमिनीच्या उंच्या घ्यायचे. एका उंचीच्या जागा जोडत मी नकाशावर रेषा काढायची, प्रत्येक रेषेच्या आतलं क्षेत्र प्लॅनिमीटरच्या छोट्या चाकाने मोजायचं, त्याला दोन रेषांमधल्या उंचीने गुणायचं आणि बेरीज करायची. मान मोडून येई. कॉम्प्युटर उंच्यांचे आकडे घेऊन रेषाही स्वतः काढायचा आणि साठाही सांगायचा. साहेबांनी पहिल्या दिवशी त्याला तलाव विचारलाच नाही. कार्यालयामागच्या सिमेंटच्या हौदाची मापं घातली. चालवणारा मुलगा हसला, "साहेब, परीक्षा घ्यायलात का ह्याची?" साहेब म्हणाले, "घेऊ द्या. नोकरीला लागताना माझी बी घेतली होती." हौदाचं उत्तर बरोबर आलं. तरी त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही.

ती आठी पुढे वालूरच्या पलीकडच्या एका गावात कामी आली. तिथला तलाव बरीच वर्षं कागदावर होता. जुन्या मोजणीवरून मीच त्याचा साठा काढला होता. अखेर मंजुरी आली, म्हणून नव्याने मोजणी झाली, आकडे परभणीला गेले, आणि कॉम्प्युटरने सांगितलेला साठा माझ्या साठ्यापेक्षा बराच कमी निघाला. गावात बोभाटा झाला. सरपंच बापूराव पंचांना घेऊन कार्यालयात आले. "आमचं पाणी कुठं गेलं, साहेब? त्या डब्यानं पेलं का?" मी नव्या मोजणीवरून रेषा काढल्या आणि पुन्हा प्लॅनिमीटर फिरवला. माझाही आकडा कमीच आला. म्हणजे डबा निर्दोष होता. मग उपअभियंत्यांनी सोपा तोडगा काढला. सांडवा उंच करायचा. जादा पाणी ज्या वाटेने तलावाबाहेर पडतं, ती वाटच वर नेली की तलावात पाणी जास्त थांबणार. तलावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या डाव्या काठावर बौद्ध वस्ती होती. पण नव्या नकाशाप्रमाणे वस्तीची जमीन चांगली उंच होती, तिला धोका नव्हता. सगळे खूश झाले. फक्त साहेबांनी सही केली नाही.

दोन दिवस ते तो नकाशा टेबलावर पसरून बसले. मग मला बोलावून ओढ्यावर बोट ठेवलं. "ही रेषा उजव्या काठानं खाली येते, ओढा ओलांडते आणि डाव्या काठाला एकदम सरकते. बघा. खालची पण तशीच. प्रत्येक रेषा ओढ्यातच का तुटायलीय? तुमी हातानं जोडली, कॉम्प्युटरनं त्याच्या पद्धतीनं जोडली. पण जमीन अशी पायरी पायरीनं नसते, बाई." जुन्या नकाशात ती पायरी नव्हती. दोन मोजण्यांच्या मधल्या काळात डावा काठ अख्खाच्या अख्खा वर आला होता, आणि वस्ती त्या काठावर होती. डावा काठ खरोखर उंच नसेल आणि सांडवा मात्र उंच झाला, तर पहिल्या चांगल्या पावसाळ्यात पाणी घरांत शिरणार होतं.

साहेबांनी फेरमोजणी मागितली आणि लगेच गावात बोललं गेलं की वाव्हळे आपल्या वस्तीसाठी तलाव लहान करायला निघाला. उपअभियंत्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, खरंच काही आहे, का आपलं...?" पुढचा शब्द त्यांनी गिळला. मी त्यांना नकाशा दाखवला. संशय मलाही होता, तो मोजणी करणाऱ्यांचा. त्यांनी पैसे घेऊन उंची वाढवली असेल, असं मी धरून चालले होते. मी तसं साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "असेल. पण लबाडी एवढी एकसारखी नसते."

डाव्या काठाची मोजणी ज्या खुणेवरून सुरू झाली होती, ती मारुतीच्या ओट्यावर होती; उजव्या काठाची खूण वेगळी होती. आमच्याकडे रीतच तशी. गावात काहीही पडो, मारुतीचा ओटा हलत नाही, म्हणून त्याच्या कोपऱ्यावर तांबड्या रंगाची खूण करून तिची उंची ठरवायची आणि बाकी सगळं तिच्यावरून मोजायचं. मोजणीच्या वेळी आकडे लिहिलेली लांब पट्टी धरायला आमचे खलाशी, म्हणजे मोजणीतले मदतनीस, नामदेव खिल्लारे होते; ते त्याच वस्तीतले. साहेबांनी त्यांना गावाबाहेर लिंबाखाली उभं करून विचारलं.

"खिल्लारे, पट्टी ओट्यावर ठेवली होती का ओट्याखाली?"

खिल्लारेंनी आधी गावाकडे बघितलं. मग म्हणाले, "खाली. खुणेच्या बरूबर खाली."

"का?"

"का म्हणून तुमी इचारायलात, साहेब? आठ दिस झाले नव्हते नामांतराच्या भांडणाला. वस्तीचा कुनी ओट्यावर चढंल तर बघून घेऊ म्हणलेले गावातले. मी चढलो असतो, तुमी मापं घेऊन परभणीला गेले असते. मार कुनी खायचा?"

दुर्बिणीतून बघणाऱ्याला पट्टीवरचा आकडा दिसतो. ती कशावर टेकली आहे ते दिसत नाही. पट्टी ओट्याच्या उंचीइतकी खाली गेली, दुर्बिणीत आकडा तेवढा मोठा वाचला गेला, आणि कागदावर अख्खा डावा काठ तेवढाच वर चढला. खिल्लारेंनी विचारलं, "आता माझी नोकरी जानार का?" साहेब म्हणाले, "तुमचं नाव कशाला येतंय? खुणेची जागा चुकली, एवढंच लिहायचं हाय."

पण हे गावाने मानायला हवं होतं. साहेबांनी दुर्बीण लावली आणि पट्टी बापूरावांच्याच हातात दिली. खिल्लारे चढणार नव्हते, मी बाई म्हणून चढायचं नव्हतं, आणि साहेबांनी त्या ओट्याकडे पाहिलंही नाही. बापूराव चिडले होते. "आता मारुतीवर बी संशय का, साहेब?"

"मारुतीवर न्हाई, बापूराव. पट्टीवर. ती आधी वर धरा, मग खाली."

त्यांनी धरली. मग पट्टी आपल्या पुतण्याकडे देऊन ते स्वतः दुर्बिणीला डोळा लावायला आले. "हे तर उलटं दिसायलंय सगळं," ते म्हणाले. साहेबांनी सांगितलं, "आमाला उलटंच दिसतं. सवय होते." बापूरावांनी वरचा आकडा वाचला, खालचा वाचला, दोन्ही मला लिहायला सांगितले आणि माझ्या हातातून कागद घेऊन पुन्हा बघितला. डाव्या काठाच्या सगळ्या उंच्यांतून तो फरक वजा केला, आकडे परभणीला नेले, आणि साठा माझ्या जुन्या आकड्याच्या जवळ आला. सांडवा होता तिथेच राहिला. गावाला कबूल केलेलं पाणी मिळालं आणि वस्तीही राहिली. एवढं होऊनही काही लोक म्हणतच राहिले की वाव्हळेने आकडा जमवून आणला. साहेबांच्या कानावर ते आलं. "म्हणू द्या," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "माझ्या जागी दुसरा असता तर त्याला हुशार म्हणले असते..." त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात त्यांच्यासाठी शोकसभा झाली. खिल्लारेंनी निरोप दिला म्हणून मी गेले. सभा सुरू असताना बापूराव आले आणि मागे सतरंजीच्या कडेला बसले. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "इलेक्शन आलं वाटतं." माझ्याही मनात तेच आलं होतं. सभेनंतर ते कुणाशी न बोलता तलावाच्या अंगाला, शेवटच्या घराकडे गेले. मी आणि खिल्लारे मागोमाग गेलो. पाणी उतरलं होतं, पण भरल्या तलावाची रेघ काठाच्या मातीवर दिसत होती, घरापासून थोडी खाली. बापूराव त्या रेघेकडे बघत राहिले. मग वळून त्यांनी घराच्या भिंतीवर, आपल्या कमरेच्या वर, तळवा ठेवला. आत कुणीतरी लहान मुलाला झोपवत होतं.

"सांडवा चढवला असता तर इथवर," ते म्हणाले. "न्हाई का, खिल्लारे?"

खिल्लारे म्हणाले, "थोडं अजून वर."

बापूरावांनी हात थोडा वर सरकवला आणि तिथे ठेवला. ते तिथे का आले होते, याबद्दलचा माझा संशय अजून गेलेला नाही. पण बराच वेळ त्यांनी तो हात भिंतीवरून काढला नाही.