लिफ्टच्या दाराला मोहाचं तेल

आमच्या चंद्रपूरच्या इमारतीत लिफ्टचं दार तळमजल्यावर उघडताना असं कोकलायचं की फाटकाजवळची कुत्री उठून बसायची. मी हाडाचा फिटर. दारासाठी मेकॅनिक बोलावणं म्हणजे स्वतःच्या हाताने नाक कापून घेणं. रविवारी दुपारी स्टुलावर चढलो आणि दार ज्या चाकांवर लटकतं त्यांच्यावर तेल सोडलं. कुठलं तेल? हाताला लागलं ते. बायकोने गुडघ्यांसाठी उन्हात ठेवलेलं, मोहाच्या बियांचं. अख्खी बाटली. दार गुमान सरकलं आणि मी संध्याकाळपर्यंत मिशीला पीळ देत फिरलो.

मोहाचं तेल थंडीत थिजतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं.

सोमवारी सकाळी, ऐन डिसेंबरात, बायको नटूनथटून लिफ्टमध्ये शिरली. तिच्या धाकट्या भावाला लग्नानंतर पंधरा वर्षांनी मुलगी झाली होती. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये दहाला बारसं, आणि नाव ठेवणारी आत्या हीच. मी जिन्याने पुढे जाऊन ऑटो थांबवला. लिफ्ट खाली आली, दार दोन बोटं उघडलं आणि अडलं.

फटीतून आवाज आला, "अवो, काय टाकलं तुमी दाराले? माह्या गुडघ्याचा वास येऊन राह्यला!"

मेकॅनिक राजुऱ्यात. फोनवर म्हणाला, "त्या चाकायले तेल नाई लावत भाऊ, कोरड्या फडक्यानं पुसा लागते. मले दोन घंटे लागन."

मी शेजारणीचा हेअर ड्रायर आणून फटीत धरून बसलो; भोवती शेजारणी जमल्या. दहाला आत तिच्या मोबाइलच्या स्पीकरवर भावाचा आवाज आला, "बाई, पोरगी जागी हाय, पाहुण्यायले ड्युटीवर जायचं हाय. काय करू?"

या पोरीचं नाव तिने पंधरा वर्षं मनात जपलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फोन पोरीच्या कानाले लाव," ती भावाला म्हणाली. मग लिफ्टमधूनच "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं, इतकं हळू की आम्हाला ऐकूही आलं नाही.

आता रीत अशी की, नाव सांगितलं की बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. आत्या तर दाराआड. मग जमलेल्या शेजारणींनी दारच बडवून काढलं. तेल अर्धं पातळ झालंच होतं. दार हादरलं, कण्हलं आणि उघडलं.

ती डोळे पुसत बाहेर आली. ऑटोपर्यंत गेली, परत फिरली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. बारशाच्या धपाट्यात एवढा जोर नसतो.