काकूंचं मडकं

रोह्याच्या घरी बसून मी पायथनमधून नकाशांची, सी भाषेत लिहिलेली एक जुनी लायब्ररी वापरत होते. ती गावाचं नाव स्ट्रिंग म्हणून द्यायची. मी त्याची प्रत करून घ्यायचे आणि नीटनेटकेपणा म्हणून मूळ स्ट्रिंगची मेमरी स्वतःच मोकळी करायचे. प्रोग्राम दर वेळी कोसळायचा. तेवढ्यात खिडकीतून भांबुर्ड्याच्या पाल्याचा उग्र वास आला. शेजारी पोपटी लावत होते, म्हणजे तो पाला आणि शेंगा मडक्यात भरून जाळावर भाजत होते, आणि मी थेट माझ्या लहानपणच्या गावी, निडीला पोचले.

दहा वर्षांची असेन. पोपटीसाठी शेजारच्या सुमनकाकूंचं मडकं आणलं होतं. वालाच्या शेंगा खाऊन बोटं काळी झाली. आमच्याकडे पोपटीचं मडकं पुन्हा वापरत नसत, खाऊन झालं की बांधावर फोडायचं. मीही ते फोडलं, आणि मोठं काम केल्याच्या तोऱ्यात काकूंना सांगायला गेले.

भात पाखडता पाखडता त्यांचा हात थांबला. "फोडायचं का ठेवायचं ते आमचं आमी बघू गो. तू फकस्त परत आणून द्यायचं व्हतंस."

एका मडक्यासाठी एवढं काय, असं तेव्हा वाटलं होतं. त्या दर वर्षी त्याच मडक्यात पोपटी लावायच्या; फोडण्याआधी मी विचारलंच नव्हतं.

लायब्ररीची माहिती पुन्हा वाचली. दिलेली स्ट्रिंग परत घ्यायला तिचं स्वतःचं फंक्शन होतं. मेमरी मोकळी करणारी माझी ओळ काढून ते लिहिलं. प्रोग्राम चालला.

मडकं फोडल्यानंतरच्या हिवाळ्यात काकूंनी नवं मडकं माझ्याच हातात दिलं होतं. "परत आण," एवढंच म्हणाल्या.