क्लॅरेन्स आणि राल्फ

माझा शेजारी क्लॅरेन्स मेदेइरोस जन्मभर जळत आला. आधी पोस्टमनवर, मग चर्चमध्ये युकुलेले वाजवणाऱ्यावर, आणि म्हातारपणी, देवा रे, एका सरड्यावर.

हे रंग बदलणारे, तीन शिंगांचे सरडे आमच्या डोंगरावरच्या कुला गावात घरोघरी पाळतात. जास्वंदीवर सोडले की सुखाने राहतात. पण क्लॅरेन्सच्या बायकोने, हारुएने, आपल्या सरड्याचं नाव ठेवलं राल्फ. लग्नाआधी तिला मागणी घालणाऱ्याचं नावही राल्फच होतं.

"योगायोग रे," हारुए म्हणायची.

"योगायोगाला कोणी रोज हाताने टोळ भरवतं का?" क्लॅरेन्स म्हणायचा.

लेकीच्या बाळंतपणाला हारुए होनोलुलूला गेली. सरडा दुसऱ्या बेटावर न्यायला कायद्याची बंदी, म्हणून राल्फ मागे राहिला. निघताना "जपून राहा रे राजा" असं ती म्हणाली ते राल्फला. कुंपणापलीकडून मला क्लॅरेन्सचं आंबट झालेलं तोंड दिसलं.

एका सकाळी त्यांच्या ओसरीवर धप्पकन आवाज झाला आणि कुणाचं तरी मांजर पळालं. राल्फ दगडी पायरीवर पडला होता. क्लॅरेन्सने त्याला उचलून परत जास्वंदीवर ठेवलं. थोड्या वेळाने मला हाक आली.

"ये, बघ! कसा काळाठिक्कर पडलाय. जळतोय मेला माझ्यावर!"

नराला नर दिसला की तो काळवंडतो, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. क्लॅरेन्स भलताच खूश होता. "मला बरोबरीचा समजतो," तो म्हणाला. मीही हसले.

दुपारी हारुएचा फोन आला. त्याने तो मोठ्या आवाजावर ठेवला, मला साक्षीदार करायला.

"राल्फ कसा आहे?"

"मी बरा आहे, विचारलंस म्हणून सांगतो. तुझा राल्फ जळून काळा झालाय."

"दोन्ही बाजूंनी?"

क्लॅरेन्स वाकला. "नाही... उजवीकडूनच."

"जळला तर दोन्हीकडून काळा होतो तो. डोळे?"

"मिटलेत. झोपलाय."

"भरदिवसा सरडा झोपतो होय रे? पाय बघ. चारी पायांनी फांदी धरलीय का?"

उजवा पुढचा पाय लोंबत होता. बोटं फांदीला टेकत होती, पण धरत नव्हती. तोंड अर्धवट उघडं होतं. क्लॅरेन्सने फोन तोंडाजवळ धरला.

"हारुए, सकाळी तो पडला होता गं."

ती ओरडली नाही. "त्याला ओढू नकोस," म्हणाली. "फांदीच काप. खोक्यात टॉवेल घाल, झाकण लाव आणि डॉक्टरकडे ने."

फांदी क्लॅरेन्सनेच कापली. डोंगर उतरताना खोकं माझ्या मांडीवर होतं, आणि प्रत्येक वळणाला तो विचारायचा, "श्वास घेतोय ना? नीट बघ." पायाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बारीकशी पट्टी बांधली, ड्रॉपरने तोंडात घालायचं औषध दिलं आणि खोक्यात चढायला एकही फांदी ठेवायची नाही, असं बजावलं. तिथपासून क्लॅरेन्स त्या खोक्यापाशीच असायचा. मेलास तर बघ, असं त्याला दरडावायचा आणि टोळाचे पाय मोडून भरवायचा.

हारुए परतली तेव्हा राल्फचा रंग हिरवा झाला होता. तिने बॅगही खाली न ठेवता टोळ पुढे केला. राल्फने एक डोळा फिरवला, मग दुसराही. तोच टोळ क्लॅरेन्सने धरला, तर गपकन गिळला.

"माझ्या हातचं खायचा तो," हारुए म्हणाली.

"आता नाही खात."

"असं काय करतोस रे त्याला? गाणी म्हणतोस?"

हा सूर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तो कुंपणापलीकडून क्लॅरेन्सच्या तोंडून ऐकत आले. बायकोने एकदा तरी जळावं, ही त्याची जन्माची हौस. ती जळली खरी, पण त्याच्यासाठी नाही, राल्फपायी त्याच्यावरच. ते त्यालाही कळलं असावं, कारण तो हसला नाही.

"दे इकडे ते औषध," हारुएने हात पुढे केला.

क्लॅरेन्सने ड्रॉपर काही दिला नाही.